मातीची जबानी

जमीन पेटू शकते का? तिच्यावरचं गवत नाही, झाडंझुडपं नाहीत. खुद्द जमीन!

२०१६ सालच्या एप्रिल महिन्यातली गोष्ट. म्हैसूर शहराच्या वायव्येला विजयनगर नावाची मोठी वसाहत आहे, पहिला टप्पा, दुसरा टप्पा करत करत थेट चौथ्या टप्प्यापर्यंत पसरलेली. तिथून थोड्याच किलोमीटरवर श्यादनहळ्ळी हे गाव. या गावाजवळच्या एका मोकळ्या जागेत जमीन आतून धगधगत होती. तिथे पाय पडलेला एक शाळकरी मुलगा इतका भाजला की त्याला वाचवता आलं नाही. सगळं शहर हादरलं. अधिकारी आले, भूवैज्ञानिक आले, प्रदूषण नियंत्रण मंडळाची माणसं आली. आणि परत जाताना ही मंडळी तिथून एक गोष्ट सोबत घेऊन गेली. माती.

तुमच्या मनात ज्वालामुखी आला असेल. पण म्हैसूरच्या पायाखालचा खडक अतिशय जुना आणि कधीच थंड झालेला आहे. आपल्या देशातला एकुलता एक जागता ज्वालामुखी अंदमानच्या समुद्रात, बॅरन बेटावर आहे. तेव्हा तो नाही. संशयाचं बोट वळलं ते त्या जागेत टाकल्या जाणाऱ्या कारखान्यांच्या कचऱ्याकडे. कचऱ्यात जळण्याजोगा माल भरपूर असेल आणि वरून मातीचा थर पडला असेल, तर आतली आग भडकत नाही आणि विझतही नाही. नुसती धुमसत राहते. झारखंडात झरियाला जमिनीखालचा कोळसा असाच १९१६ पासून धुमसतो आहे, शंभर वर्षं उलटून गेली तरी!

पण नुसता संशय काय कामाचा? पुरावा हवा. म्हणजे जमिनीलाच विचारायला हवं, ‘बाई गं, तुला झालंय तरी काय?’ आता जमीन काही चौकीत येऊन बोलणार नाही. तिची जबानी आपणच जाऊन घ्यावी लागते.

त्यात काय मोठंसं, असं वाटलं ना? फावडं घ्या, खणा, पिशवी भरा, चला घरी! इथेच तर गंमत आहे. खणणं सोपं असतं. अवघड असतं ते मातीला जमिनीतून प्रयोगशाळेपर्यंत जशीच्या तशी नेणं. वाटेत दोन भानगडी होतात. मातीत आपलंच काहीतरी मिसळतं, नाहीतर मातीतलं काहीतरी निसटून जातं. दोन्हीपैकी एक जरी झालं तरी जबानी खोटी. हे काम करणारी माणसं दिवसभर जी काही विचित्र वाटणारी नाटकं करतात, ती सगळी या दोन भानगडी टाळण्यासाठी.

चला, त्यांच्यासोबत फिरून येऊ. समजा, विजयनगरच्या एका कडेला रिकामी जागा आहे. (ही जागा मी मनानेच रचली आहे, शोधायला जाऊ नका.) तिथे पूर्वी गाड्या दुरुस्त करणारं गॅरेज होतं. आता तिथे मुलांसाठी बाग करायची आहे. घसरगुंडी, झोपाळे, वाळूचा हौद. मुलं येणार म्हणजे मातीत लोळणार, आणि मातीने माखलेले हात तोंडात घालणार. नाही म्हणू नका, मला माहीत आहे! मग ती माती आधी तपासायला नको?

तपासायला एक ताई आणि एक दादा आले आहेत. गाडीत खोकीच खोकी आहेत, पण ती अजून उघडलेलीच नाहीत. पहिला नियम असा की आधी खणायचंच नाही. आधी वाचायचं. जुने नकाशे काढायचे, वीस वर्षांपूर्वी उपग्रहाने घेतलेले फोटो बघायचे, पाण्याचा उतार कुठे आहे ते पाहायचं. आणि मग समोरच्या घरातल्या आजींकडे जायचं. गॅरेजवाले इंजिनाचं काळं तेल कुठे ओतायचे, जुन्या बॅटऱ्या कुठे रचून ठेवायचे, पेट्रोलचं पिंप कुठल्या कोपऱ्यात असायचं, हे आजींना जितकं ठाऊक असतं तितकं कुठल्याच नकाशात नसतं. बॅटरीत शिसं असतं. शिसं लहान मुलांच्या मेंदूला फार वाईट. आणि आपल्याकडे तर २००० सालापर्यंत पेट्रोलमध्येच शिसं घातलं जायचं. ते गाड्यांच्या धुरातून बाहेर पडून रस्त्याकडेच्या मातीत बसलं. शिसं काही कुजत नाही, की उडून जात नाही. पंचवीस वर्षांनीही ते तिथेच सापडू शकतं.

आजींशी बोलून झालं की दादा वहीत तीन प्रश्न लिहितो. विष निघालं कुठून? गेलं कशातून? पोचलं कुणापर्यंत? तेलाच्या पिंपातून निघालं, मातीतून झिरपलं, विहिरीतून माणसाच्या पोटात गेलं, अशी साखळी जोडायची. साखळीतली एक कडी जरी तुटली तरी धोका टळतो. म्हणून कुठल्या कडीला हात घालायचा हे आधी ठरवायचं.

मग प्रश्न येतो, खड्डा कुठे घ्यायचा?

आपण म्हणतो ना, शितावरून भाताची परीक्षा! एक शीत दाबून बघितलं की सगळा भात शिजला की नाही ते कळतं. मातीचं मात्र तसं नाही. भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजतो. जमीन कुणी ढवळलेली नसते. पिंपाखालची माती विषारी आणि तिथून चार पावलांवरची अगदी स्वच्छ, असं सहज होतं. आता एक हिशोब करून बघा. एक एकर जागेतली फक्त वरची १५ सेंटीमीटर माती घेतली तरी ती अदमासे ८०० टन भरते. आणि प्रयोगशाळेतलं यंत्र धातू शोधण्यासाठी त्यातली किती माती वापरतं? बहुतेक वेळा अर्धा ते एक ग्रॅम, म्हणजे चिमूटभर! अर्धा ग्रॅम धरला तर १६० कोटी चिमट्यांमधली एक चिमूट. त्या एका चिमटीवरून ठरणार की तुमची बाग व्हायची की नाही. मग ती चिमूट कुठून उचलली याला किती महत्त्व आलं!

म्हणून ताई-दादा एकाच जागी खणत नाहीत. जिथे संशय दाट, तिथे जास्त नमुने घेतात. उरलेल्या जागेवर दोऱ्यांनी चौकोन आखून प्रत्येक चौकोनातून एकेक घेतात. आणि एक नमुना मुद्दाम लांबून, जिथे कधीच गॅरेज नव्हतं, कारखाना नव्हता, रस्ताही नव्हता, अशा जागेतून घेतात.

हा लांबचा नमुना कशाला? थांबा, इथे म्हैसूरची खरी मजा आहे. विजयनगरात कुठेही खणा, माती लालभडक. शेजारच्या कानडी काकू तिला ‘केंपु मण्णु’ म्हणतील. खडक झिजून झिजून, पावसात भिजून आणि उन्हात तापून त्यातलं लोखंड गंजलं, त्या गंजाचा हा रंग. इथून जवळच्या हासन जिल्ह्यात गोरूरला ३३० कोटी वर्षांहून जुना खडक आहे. चामुंडी टेकडीचा ग्रॅनाइट त्या मानाने अगदीच पोरगेला, सुमारे ८० कोटी वर्षांचा. आणि म्हैसूरजवळ सिंदुवळ्ळी म्हणून गाव आहे, तिथल्या खडकात क्रोमाइट सापडतं. क्रोमाइट म्हणजे क्रोमियमचं खनिज. आता बघा हं, या भागातल्या मातीत क्रोमियम सापडलं, तर ते कारखान्याने टाकलं की निसर्गानेच ठेवलं होतं? लांबच्या स्वच्छ जागेतल्या मातीतही तितकंच निघालं, तर कारखाना निर्दोष. तिथे कमी आणि इथे दसपट निघालं, तर मात्र कुणाला तरी उत्तर द्यावं लागेल. लांबच्या नमुन्याशिवाय हे कळायचंच नाही. मला विचाराल तर सगळ्या नमुन्यांत सर्वात मोलाचा हाच, आणि घाईत असलेली माणसं नेमका हाच घ्यायला विसरतात.

आता खणायचं. थांबा, अजून नाही! जमिनीखाली विजेची केबल, पाण्याचे पाइप, सांडपाण्याच्या वाहिन्या असतात. त्या कुठून जातात ते विचारून घ्यायचं. पहार केबलवर बसली तर पुढचं सांगायला नको.

उथळ नमुन्यासाठी स्टेनलेस स्टीलचं खुरपं. त्याहून खोल जायचं तर ऑगर. खाली पातं आणि वर आडवी मूठ असलेलं जमिनीचं गिरमीटच ते. दोन्ही हातांनी मूठ फिरवत जायचं, थोडं खाली गेलं की वर काढायचं, पात्यात अडकलेली माती काढून ठेवायची, पुन्हा आत. आणखी खोल जायचं असेल तर यंत्र येतं आणि पोलादी नळा ठोकतं. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटीमीटर उंचीवरून धाडकन पडतो. नळा ठरावीक अंतर खाली जायला किती ठोके लागले ते मोजून लिहितात, कारण त्यावरून जमीन किती घट्ट आहे ते कळतं. वर आलेला नळा उभा दुभंगतो, दोन फाका होतात आणि आत मातीचे थर जसेच्या तसे दिसतात. वर काळसर, मग लाल, मग पिवळट मुरूम. मध्येच एक काळा, तेलकट पट्टा. दादा तिथेच थबकतो.

खोलीनुसार नमुने वेगळे का ठेवायचे? कारण प्रत्येक विषाची खोड वेगळी. शिसं चिकट. ते वरच्या काही सेंटीमीटरमध्ये मातीच्या कणांना धरून बसतं. पेट्रोल सरळ खाली झिरपत जातं आणि जमिनीतलं पाणी लागलं की त्यावर तरंगतं. वरचीच माती तपासली तर शिसं सापडेल, पेट्रोल निसटेल. खालची आणि वरची एकत्र कालवली तर दोन्ही पातळ होतील आणि अहवालात लिहिलं जाईल, ‘सगळं ठीक’.

आता हातांकडे बघा. ताई प्रत्येक नमुन्याला नवे हातमोजे घालते. नवे म्हणजे नवेच! आधीच्या मोज्यांवर आधीच्या खड्ड्याची माती असते ना. खुरपं आणि ऑगरही प्रत्येक वेळी धुवायचे. आधी ब्रशने घासायचं, मग साबणाचं पाणी, मग नळाचं पाणी, मग डिस्टिल्ड पाणी. साबणही कुठलाही चालत नाही, फॉस्फेट नसलेला लागतो. सुरुवात नेहमी स्वच्छ वाटणाऱ्या जागेतून करायची आणि सर्वात घाणेरडा कोपरा शेवटी घ्यायचा. क्रोमियम शोधायचं असेल तर क्रोमचा चकचकीत मुलामा दिलेलं अवजार घ्यायचं नाही, नाहीतर मुलामाच खरवडला जाऊन मातीत यायचा. पेट्रोल शोधायचं असेल तर जवळ उभं राहून जनरेटरमध्ये पेट्रोल ओतायचं नाही. आणि ‘पीफास’ नावाची, एकदा कुठे शिरली की जायचं नावच न घेणारी रसायनं शोधायची असतील, तर पावसाळी जॅकेटसुद्धा घालून यायचं नाही. पाणी लागू नये म्हणून तशा कापडाला बऱ्याचदा हीच रसायनं लावलेली असतात. भर पावसात भिजत काम करणारा माणूस दिसला तर त्याला वेडा म्हणू नका, तो कदाचित फार हुशार असेल.

ही झाली मिसळण्याची भानगड. निसटण्याची त्याहून नाजूक आहे.

पेट्रोलमध्ये बेंझीन असतं. ते उडून जायला टपलेलंच असतं. माती मोकळी केली, हवा लागली, ऊन लागलं की ते पसार. म्हणून असा नमुना ढवळायचा नाही, चाळायचा नाही, हातात घेऊन कुस्करायचा तर नाहीच नाही. पुढून कापलेल्या इंजेक्शनच्या सिरिंजसारखी एक छोटी नळी मातीत खुपसायची, साधारण ५ ग्रॅम माती तिच्यात घ्यायची आणि लगेच ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुपीत ढकलून बूच घट्ट लावायचं. काही वेळा त्या कुपीत आधीच मिथेनॉल असतं. उडणारी द्रव्यं त्यात विरघळतात आणि अडकून पडतात. एवढं सगळं काही सेकंदांत उरकायचं. गप्पा नंतर.

ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी इथे हात वर केला असेल. ‘आमचे बाबा तर सगळ्या शेताची माती एकत्र कालवतात!’ बरोबर. पीक घेण्यासाठी माती परीक्षण करताना तसंच करायचं असतं. शेतात नागमोडी चालत जायचं, जागोजागी इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे वीतभर खोल खड्डे घ्यायचे, कडेची माती तासून घमेल्यात जमा करायची. बांध, विहीर, झाडाखालची जागा, शेणखताचा ढीग आणि जनावरं बसतात ती जागा सोडून द्यायची. मग सगळी माती गोणपाटावर ओतून कालवायची, तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे आणि दोन टाकायचे. पुन्हा कालवा, पुन्हा चार भाग. असं करत अर्धा किलो उरली की कापडी पिशवीत भरायची. ते शास्त्रशुद्धच आहे, कारण शेतकऱ्याला सगळ्या शेताची सरासरी हवी असते. गॅरेजच्या जागेत मात्र सरासरी काढली की चोर सुटलाच! माती तीच, पण प्रश्न बदलला की उचलायची रीत बदलते.

नमुना घेतला की लगेच वहीत वर्णन लिहायचं. रंग कसा? ‘लालसर’ असं लिहून भागत नाही, कारण माझं लालसर वेगळं आणि तुमचं वेगळं. त्यासाठी एक रंगीत पुस्तक मिळतं. अमेरिकेतले चित्रकला शिक्षक आल्बर्ट मन्सेल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रंगांना आकडे द्यायची पद्धत काढली. पुढे मातीवाल्यांनी ती उचलली. पुस्तकातल्या रंगीत ठिकऱ्यांशेजारी मातीचं ढेकूळ धरायचं, जुळणारी ठिकरी शोधायची आणि तिचा आकडा टिपायचा. म्हैसूरच्या मातीला ‘२.५ वायआर ४/६’ असा काहीतरी क्रमांक मिळाला की जगात कुठेही बसलेल्या मातीतज्ज्ञाच्या डोळ्यांसमोर तोच लाल रंग उभा राहतो. एका चित्रकाराने विज्ञानाला दिलेली ही भेट मला फार आवडते.

मग बाटल्या. तेल, कीटकनाशकं यांसाठी काचेची बरणी, कारण प्लॅस्टिक ती द्रव्यं शोषून घेतं किंवा स्वतःतलं काही सोडतं. नुसत्या धातूंसाठी प्लॅस्टिकची पिशवी चालते. प्रत्येक बरणीवर न पुसणाऱ्या शाईने नमुन्याचा क्रमांक, जागा, खोली, तारीख, वेळ आणि घेणाऱ्याची सही. मग बरण्या बर्फाच्या पेटीत. पेटीतलं तापमान चार अंशांच्या आसपास ठेवायचं, पण बरण्या गोठू द्यायच्या नाहीत. मातीत जिवाणू असतात आणि त्यांना पेट्रोलसुद्धा खाता येतं. त्यांना थंडीने सुस्त केलं नाही, तर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत ते पुरावाच फस्त करतील!

घड्याळही चालू झालेलं असतं. उडणारी द्रव्यं साधारण १४ दिवसांच्या आत तपासायची, पारा २८ दिवसांच्या आत. इतर बहुतेक धातू धीराचे, त्यांना सहा महिने चालतात. पाऱ्याचं नाव काढलं म्हणून सांगतो. म्हैसूरच्या आग्नेयेला तमिळनाडूत कोडाईकनाल हे थंड हवेचं ठिकाण आहे. तिथे थर्मामीटर बनवणारा कारखाना होता. तो २००१ साली बंद झाला, पण तिथल्या मातीत शिरलेला पारा किती काढला म्हणजे जागा स्वच्छ झाली म्हणायची, यावर पुढे वर्षानुवर्षं वाद चालला. त्या वादातला प्रत्येक आकडा कुणीतरी भरलेल्या एखाद्या बरणीतूनच आलेला होता.

आता माझी सर्वात लाडकी बाटली. ताईच्या पेटीत एक अशी बाटली असते, जिच्यात माती नसतेच. प्रयोगशाळेतच ती शुद्ध पाण्याने भरून बंद केलेली असते. ती सगळ्यांबरोबर गाडीतून येते, दिवसभर पेटीत बसून राहते, कुणी तिचं झाकण उघडत नाही, आणि संध्याकाळी तशीच परत जाते. सहल झाली, काम काही नाही! पण प्रयोगशाळेत तिचीही तपासणी होते. तिच्यात जर बेंझीन सापडलं, तर ते मातीतून आलेलं नक्कीच नाही. मग पेटी गळकी होती, की गाडीत पेट्रोलचा डबा होता, याची चौकशी सुरू. तशीच आणखी एक बाटली. ऑगर धुतल्यावर शेवटचं पाणी त्याच्यावरून ओघळतं ना, तेच बाटलीत भरतात. धुणं खरंच नीट झालं का, ते तिच्यावरून कळतं. आणि तिसरी तर चक्क फसवी! एकाच खड्ड्यातली माती दोन बरण्यांत भरायची आणि दोन वेगळे क्रमांक द्यायचे. प्रयोगशाळेला सांगायचं नाही. दोघींची उत्तरं जवळपास सारखी आली तर ठीक. नसली तर एकतर कुणाचं तरी चुकलंय, किंवा मातीच चार बोटांवर बदलणारी आहे. स्वतःवरच हेर नेमणारी अशी माणसं मला फार विश्वासू वाटतात.

पेटीबरोबर एक कागद फिरतो. ताईने पेटी ड्रायव्हरकाकांना दिली, सही आणि वेळ. काकांनी प्रयोगशाळेत दिली, सही आणि वेळ. पेटीला सील. उद्या कोर्टात कुणी विचारलं, ‘मधल्या दोन तासांत कुणी हात लावला नाही कशावरून?’ तर हा कागद दाखवता येतो.

हे सगळं चंद्रावरही करावं लागलं, बरं का! जुलै १९६९ मध्ये नील आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरले. अगदी सुरुवातीच्या मिनिटांतच त्यांनी थोडी माती खरडून पिशवीत घातली आणि ती पोशाखाच्या खिशात टाकली. अचानक परत निघायची वेळ आलीच, तर निदान एवढी तरी हाती हवी म्हणून. नंतर दगड भरायची पेटी त्यांना रिकामी रिकामी वाटली, तेव्हा त्यांनी आणखी काही खोरी माती तिच्यात लोटली. ती माती पुढे चंद्रावरच्या सर्वात जास्त अभ्यासल्या गेलेल्या नमुन्यांपैकी एक ठरली. सगळ्या अपोलो मोहिमांनी मिळून ३८२ किलो दगडमाती आणली. त्यातली एक नळी डिसेंबर १९७२ मध्ये चंद्रावरच हवाबंद केली होती. ती उघडली कधी? २०२२ मध्ये! पन्नास वर्षं वाट पाहिली, यंत्रं सुधारू दिली. आणि उघडताना सर्वात आधी काय केलं असेल? तुम्ही ओळखलंच. आत अडकलेला वायू निसटायच्या आधी पकडला.

तर आपली पेटी प्रयोगशाळेत पोचली. धातूंसाठीची माती वाळवतात, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढतात, बारीक करतात आणि त्यातली ती चिमूट आम्लात उकळतात. मग ते द्रावण एका यंत्रातल्या प्लाझ्मात, म्हणजे अतिशय तापलेल्या वायूत फवारतात. त्या प्लाझ्माचं तापमान ६००० अंशांच्या वर, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाहून जास्त! तिथे प्रत्येक धातू आपापल्या ठरलेल्या रंगाचा प्रकाश सोडतो, आणि त्यावरून कोण किती ते समजतं. इतकं भारी यंत्र, पण ते एकच गोष्ट सांगू शकतं: बरणीत काय होतं. बरणी नीट भरली होती का, हे त्याला कळायला मार्ग नाही.

आपल्या देशात अशा बिघडलेल्या जागांची चौकशी कशी करायची आणि साफसफाईचा खर्च कुणी करायचा, याचे स्वतंत्र नियम केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये काढले. म्हणजे ताई-दादांना पुढे भरपूर काम आहे. तुमच्यातल्या काहींना मोठेपणी हे काम करायला मिळो.

तोवर घरी एक सोपा प्रयोग करा. कुंडीतली किंवा अंगणातली मूठभर माती घ्या. कारखाना, गॅरेज, उकिरडा, गटार यांच्या आसपासची घ्यायची नाही, आणि नंतर साबणाने हात धुवायचे. एका उभ्या काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब घाला. झाकण लावून खूप हलवा आणि मग बरणी मुळीच न हलवता ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाला बसेल. तिच्यावर पोयटा बसायला एक-दोन तास लागतील. चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंतही पाणी गढूळ ठेवील. पट्टीने तिन्ही थर मोजा आणि मामाच्या गावच्या मातीशी ताडून बघा.

आणि हो, प्रत्येक बरणीला चिठ्ठी लावा: जागा, खोली, तारीख, तुमचं नाव. फक्त चिठ्ठी झाकणावर चिकटवू नका, बरणीवर चिकटवा. झाकणं आपापसात बदलली जातात.